पावणेदोन की अडीच

उंब्रजमध्ये आमच्या तात्यांच्या गाडीला लोक शिवणयंत्र म्हणायचे. तात्या म्हणजे माझे वडील. गाडी विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, सहा सिलिंडरच्या इंजिनाची. पळण्यासाठीच जन्माला आलेली. पण गावातून जाताना तिचा आवाज इतका मऊ यायचा की एसटी स्टँडसमोर चहा पीत उभ्या असलेल्या माणसांना ती नजरेस पडल्यावरच कळायचं, तात्या आले म्हणून. मग कुणीतरी म्हणायचं, "तात्या, गाडी वाघाची आन् आवाज मांजराचा, आसं कसं वं?" तात्या हसायचे, हात वर करायचे आणि पुढे जायचे.

मला आणि आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, या थट्टेचा फार राग यायचा. शाळेत मुलं तोंडानं मशीनचा आवाज काढून दाखवायची. एकदा आक्का त्यातल्या एकाच्या मागे पट्टी घेऊन धावली होती. त्या संध्याकाळी तिनं तात्यांना सरळच विचारलं की आपल्या गाडीला चांगला जाड पाइप का लावत नाही. दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला जाताना तात्यांनी आम्हा दोघींना बरोबर घेतलं.

शेतात त्यांनी खोऱ्यानं पाट थोडा रुंद केला आणि म्हणाले, बघा आता. पाणी पसरलं, मंदावलं, कडेला गाळ सोडू लागलं. मग त्यांनी माती ओढून पाट पुन्हा अरुंद केला. पाणी लगेच पळायला लागलं, सरीच्या टोकापर्यंत गेलं. "लयच आवळला तर वरच तुंबतंय," ते म्हणाले. "पर बेताचा ठेवला की पाणी मागच्या पाण्याला वडून नेतंय. इंजिनाचा धूर बी तसाच." पाइप जाड केला तर धूर रेंगाळतो, खालच्या वेगात इंजिनाची ओढ कमी होते आणि घाटात गाडी दमते, हे आम्हाला असं कळलं. पुढे मी सांगलीला शाळेत गणित शिकवू लागले तेव्हा हा पाट कितीतरी वर्गांना सांगितला. आमचा पाइप पावणेदोन इंचांचा होता आणि तो तसाच असायला हवा, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नाही.

तात्या फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन आल्यावर हायवेलगतच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी गॅरेज टाकलं. पुढे गॅरेज, मधे घर, मागे ऊस. ही गाडी त्यांना महाबळेश्वरात मिळाली. तिथं एका वयस्कर गृहस्थांचा बंगला होता आणि त्यांच्या गाड्यांचं काम तात्यांकडे असायचं. दोन सीटची ही गाडी मात्र कुणी चालवत नव्हतं. महाबळेश्वरचा पाऊस वर्षानुवर्षं तिच्यावर पडला होता, टप कुजला होता, सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. बंगला विकून ते गृहस्थ मुलांकडे निघाले, तेव्हा त्यांनी तिची किल्ली तात्यांच्या हातात ठेवली. तुम्ही तरी हिला बघाल, असं म्हणाले. तात्यांनी ती ट्रकवर चढवून आणली आणि गिऱ्हाइकांची कामं सांभाळून, जमेल तसं, तिला पुन्हा उभं केलं. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा.

थंडीत, स्ट्रॉबेरी सुरू झाली की तात्या आम्हाला महाबळेश्वरला न्यायचे. पुढे तात्या आणि आई, आणि सीटच्या मागे सामान ठेवायची जी अरुंद जागा होती तिथे आम्ही दोघी, गुडघे हनुवटीला लावून. आई डोक्याला लोकरीचा स्कार्फ घट्ट बांधायची. घाट सुरू झाला की डोळे मिटून घ्यायची. भीती वाटते का विचारलं तर म्हणायची, भीती नाही, बरं वाटतं म्हणून मिटते. गाडी एकसुरी गुणगुणत वर चढायची. त्या आवाजात आम्हाला बोलता यायचं, आईच्या बांगड्याही ऐकू यायच्या. परत येताना मांडीवर स्ट्रॉबेरीची टोपली असायची आणि घरी पोहोचेपर्यंत ती अर्धी झालेली असायची.

आईची तब्येत तशी नाजूक. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप बिघडली होती. ती सगळी कामं करायची, पण अचानक मोठा आवाज झाला की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची आणि मग बराच वेळ ती भिंतीला टेकून बसायची. आमच्या अंगणात दिवाळीला फक्त फुलबाज्या आणि भुईनळे असायचे. फटाक्यांचं हे आम्हाला माहीत होतं.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. डॉक्टरांनी तिच्या तरुणपणी जेवढं आयुष्य सांगितलं होतं त्याहून खूप जास्त जगली ती. ती गेल्यावर तात्यांनी गाडीला हात लावला नाही. गॅरेज तर त्याआधीच बंद झालं होतं. आक्काचं सासर गावातच, ऊसवाल्या शेतकरी घरात, आणि भावजी फौजेतून परतल्यावर ती दोघं तात्यांच्याच घरी राहायला आली. शेती आक्का बघते. ट्रॅक्टर चालवते, कारखान्यात ऊस जाईपर्यंत तोडकऱ्यांच्या मागे उभी राहते. मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर तिनं एके दिवशी शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली आणि बॅटरी बदलून ती सुरू केली. इंजिन लागलं. पण फाटकाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून मोठा खडखडाट झाला आणि सायलेन्सर पाइपासकट रस्त्यावर पडला. आतून गंजून त्याचा नुसता पापुद्रा उरला होता.

तिनं मला फोन केला. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि सांगलीच्या घरात दिवस मोकळे होते. ती म्हणाली, "तिकडं कुणी पाइप बनवणारा बघ. तात्या गाडीकडं बघायला लागलेत परत."

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सायलेन्सर बनवणारे एक मिस्त्री आहेत, असं मला एका जुन्या विद्यार्थिनीच्या नवऱ्यानं सांगितलं. मी गेले. पत्र्याची शेड, बाहेर कामगारांच्या दुचाक्या, आत पाइप वाकवायचं यंत्र. मिस्त्री पन्नाशीचे, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, बोलणं सावकाश. त्यांचे वडील ट्रकचे सायलेन्सर बनवायचे. हे स्वतः कारखान्यांच्या जनरेटरचे जास्त करतात. आवाज कमी करणं हा आपला धंदा आहे, असं ते अभिमानानं सांगायचे. मोटारसायकलवाली पोरं धडाधड आवाजाचे पाइप मागायला यायची, त्यांना ते परत पाठवायचे.

आम्ही गाडी टेम्पोवर घालून उंब्रजहून कराड, इस्लामपूर, आष्टा करत कुपवाडला आणली. तात्या हट्टानं आक्काबरोबर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, गुडघे गेलेले, कानात यंत्र. मिस्त्रींनी त्यांना शेडच्या दारात सावलीत खुर्ची दिली आणि स्वतः गाडीखाली शिरले.

मी तयारी करून गेले होते. जुन्या पाइपाचा तुकडा जवळ होता, त्याचा व्यास मोजला होता. इंटरनेटवर वाचलंही होतं बरंच. मिस्त्री बाहेर आले आणि म्हणाले की पावणेदोन या इंजिनाला जरा कमीच पडतो, कंपनीतून गाडी निघाली तेव्हा दोनचा असणार. मी म्हटलं, मलाही तसंच दिसलं. पण आम्हाला होता तसाच हवा. ते म्हणाले, तसा तर तसा, आवाज हुबेहूब जुळवून देतो, आत जाळी तशीच घालतो. आक्का म्हणाली, दोनचा घ्यायलाही हरकत नाही, घाटात बरं पडेल. आम्ही तिघं पावणेदोन आणि दोनमध्ये घुटमळत होतो. तेवढ्यात खुर्चीतून तात्या म्हणाले, "अडीच."

त्यांना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी जवळ जाऊन परत सांगितलं की आपण पावणेदोनबद्दल बोलतोय.

"ऐकलंय मी," ते म्हणाले. "अडीचचा लावा. आन् सायलेन्सर एकच, सरळ."

मिस्त्री हसले. पोरांना मी हे देत नाही आणि तुम्ही या वयात मागताय, असं काहीतरी म्हणाले. मी मात्र हसू शकले नाही. मी तात्यांना त्यांचाच पाट सांगायला लागले. पावणेदोनचं अडीच म्हणजे पाइपाचं तोंड दुप्पट होतं, धूर रेंगाळेल, घाटात ओढ राहणार नाही, तुम्हीच शिकवलंत की. तात्या शांतपणे ऐकत राहिले. मग मिस्त्रींकडे बघत, मला नव्हे, त्यांना सांगितल्यासारखं बोलले.

"गाडी पयल्यांदा सुरू केली तवा मी तिला जाडच पाइप लावला हुता. मंडळी सैपाकघरात हुत्या. आवाज झाला, आन् मी आत गेलो तर खाली बसलेल्या, ओठ पांढरे. दुसऱ्या दिवशी मी पाइप काढला. पावणेदोनचा घातला, दोन सायलेन्सर घातले. पोरींना पाटाचं सांगितलं. ते बी खोटं न्हाई. पर पाइप त्येच्यासाठी बारीक केला नव्हता."

शेडमध्ये यंत्र चालू होतं, ते मिस्त्रींनी हात करून बंद करायला लावलं. आक्का गाडीच्या दारावरून उगीच फडकं फिरवत होती. मी विचारलं, आईला हे माहीत होतं का.

"व्हय. तिला कळल्याबिगर ऱ्हातंय? दिवाळीला म्हायेरी निघाली की म्हणायची, मी चार दिवस न्हाई, तेवढ्यात जाड पाइप लावून फिरून या. मी म्हणायचो, पाइप काय टोपी हाय का, घातली न् काढली?" तात्यांनी गाडीकडे पाहिलं. "मला ती गाडी एकदा मोकळ्या गळ्यानं ऐकायची हुती. बाकी काय न्हाई."

मिस्त्रींनीच वाट काढली. त्यांनी अडीच इंची पाइपाचा एक सरळ तुकडा इंजिनाच्या बाहेरच्या तोंडाला क्लॅम्पनं तात्पुरता जोडला आणि आक्काला गाडी सुरू करायला सांगितलं. मग तसाच दोनचा तुकडा जोडून सुरू केली. दोन्हींतला फरक मलाही कळला. दोनचा आवाज गळ्यातून येत होता, अडीचचा पोटातून. तात्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, त्यातून सगळंच खरखरतं म्हणून, आणि मान पुढे घालून ते ऐकत होते. अडीचवरच बोट ठेवलं त्यांनी. मिस्त्री म्हणाले की काम करून देतो, पण कायद्यात बसेल इतपत सायलेन्सर मी आत घालणारच, आणि दोन गोष्टी आधीच सांगतो. गाडी मुळात जमिनीला टेकलेली, त्यात चेसिसच्या आडव्या पट्टीतल्या भोकातून अडीचचा पाइप जात नाही, तो खालून न्यावा लागेल आणि स्पीडब्रेकरला घासेल. दुसरं म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाढवावं लागेल, तरी खालच्या वेगात गाडी खोकेल. तात्यांनी दोन्हींना मान डोलावली. त्यांना हे सगळं ठाऊकच होतं.

मला ते पटलं नव्हतं, हे खरं सांगते. आठवडाभर मी घरात धुसफुसत होते. आईच्या वेळचं फारसं काही उरलं नव्हतं. तिच्या साड्या वाटून झाल्या होत्या, स्वयंपाकघराला आक्कानं नवा ओटा घातला होता. तो आवाज तेवढा परत मिळवता येण्यासारखा होता. डोळे मिटून मागे बसलं तर ती पुढे स्कार्फ बांधून बसली आहे असं वाटलं असतं. आणि तोच आवाज तात्या स्वतः घालवायला निघाले होते. आक्काशी फोनवर माझी वादावादी झाली. ती म्हणाली, "तुला आईची आठवण हवीय, कळतंय मला. पण गाडी तात्यांची हाय. इतकी वर्षं गावानं त्यांना हसून घेतलं, त्यांनी एकदा तोंड उघडलं का?"

पाइप तयार झाला. मिस्त्रींनी वाकवताना तो कुठे चेपू दिला नव्हता, सांधे असे जुळवले होते की बोट फिरवलं तर लागत नव्हते. चाचणीसाठी तात्यांनी महाबळेश्वरच ठरवलं. सकाळी उजाडल्यावर आम्ही उंब्रजहून निघालो. आक्का चालवत होती, शेजारी तात्या, मफलर आणि कानटोपीत. मागच्या अरुंद जागेत बसायचं माझं वय उरलं नव्हतं, म्हणून मी माझी छोटी गाडी घेऊन त्यांच्या मागे होते.

हायवेला काही कळलं नाही. ट्रकांच्या गोंधळात आमची गाडी कुणाच्या कानावर आली नसेल. साताऱ्यातून मेढ्याच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्या स्पीडब्रेकरला पाइप खर्रकन घासला. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला. मला मागून ठिणगी दिसायची आणि मी स्टिअरिंग घट्ट धरायचे. मेढ्यात चहाला थांबलो तेव्हा आक्का म्हणाली की आतमध्ये आवाज इतका घुमतोय की डोकं धरलंय. तात्या चहा बशीत ओतून पीत होते, तोंडावर काहीच नव्हतं. कसं वाटतंय असं मी विचारलं तर म्हणाले, अजून इंजिन गरम व्हायचंय.

केळघरचा घाट लागला आणि पाटाचं गणित खरं ठरायला लागलं. वळणावर आक्का गिअर टाकायची, गाडी एकदा खोकायची, मागे ओढल्यासारखी व्हायची आणि मग उशिरा जोर धरायची. एका वळणावर ती जवळजवळ थांबलीच. मी मागे ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. मला वाटलं, आता तात्या सांगतील की वळवा गाडी, घरी चला. त्यांची कानटोपी जागची हलली नाही.

घाट चढून वरच्या सपाटीवर आलो. दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता मोकळा, पुढे बराच सरळ. तात्यांनी आक्काला हातानं काहीतरी खूण केली. आणि तिनं गाडी मोकळी सोडली.

मी तो आवाज मागून ऐकला, माझ्या गाडीच्या काचा खाली होत्या. सुरुवातीला नुसती गुरगुर होती. मग ती चढत गेली, चढता चढता एकसंध झाली, आणि वरच्या पट्टीत पोहोचली तेव्हा सहाच्या सहा सिलिंडर एकाच गळ्यातून गात असल्यासारखे वाटले. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत बसले, तिच्यात झोपले, तिच्यात उलटी केली, पण तिच्या पोटात हे आहे हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी मला आईची आठवण झाली नाही. पुढच्या गाडीतल्या म्हाताऱ्या माणसाची कीव आली आणि त्याचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम. तात्यांनी उजवा हात आक्काच्या सीटच्या पाठीवर टाकला होता. डाव्या हाताचा पंजा दाराबाहेर वाऱ्यात धरला होता, लहान मुलं बसमधून धरतात तसा.

पुढे रस्त्याला वळण आलं, आक्कानं वेग कमी केला आणि पाइपातून दोन मोठे बार झाले, बंदुकीसारखे. झाडीतून पाखरं उठली. थोडं पुढे जाऊन तिनं गाडी कडेला घेतली. मी माझी गाडी मागे थांबवून धावत गेले. मला वाटलं काहीतरी बिघडलं. आक्का म्हणाली, तात्यांनीच थांबायला सांगितलं.

तात्यांचे डोळे ओले होते, पण ते वाऱ्यानंही झाले असतील. इंजिन बंद होतं आणि गरम पाइप टिकटिक करत निवत होता. मग ते म्हणाले, "लय मोठा हाय गं."

मी म्हटलं, छान आहे तात्या. मनापासून म्हटलं.

"छान हाय. आगदी मला वाटला हुता तसाच हाय." त्यांनी मफलर सैल केला. "तिला सोसला नसता. कवा कवा मनात यायचं, आपण उगंच भ्यालो का? एवढं काय झालं असतं? आज ऐकलं. न्हाईच सोसला असता. बरं झालं काढला."

आक्कानं त्यांचा हात हातात घेतला. मी दाराला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं त्यांच्या मनात ही एक शंका होती, आणि ती कुणालाच, आईलासुद्धा, विचारता येण्यासारखी नव्हती. ती आज मिटली होती. मी आठवडाभर समजत होते की त्यांना आईच्या काळातून बाहेर पडायचं आहे. मला वाटत होतं त्याहून ते कितीतरी जास्त तिच्याजवळ होते.

महाबळेश्वरला आम्ही स्ट्रॉबेरी खाल्ली, तात्यांनी वरून साय घालून दोन वाट्या खाल्ल्या. उतरताना पाइप सारखा बार काढत होता आणि वळणावरचे टॅक्सीवाले हसून बघत होते. मेढ्याच्या अलीकडे तात्यांनी आक्काला सांगितलं की पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा कुपवाडला न्यायची.

मिस्त्रींना आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, कसं वाटलं ते सांगा आधी, आणि तात्यांनी सगळं सांगितलं, घाटातल्या खोकण्यापासून वरच्या सपाटीपर्यंत. दोघं चहा घेत तासभर बोलत बसले. मग पुन्हा मापावर आले. मी अंदाज केला होता की तात्या आता पावणेदोनच मागतील. मिस्त्रींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तो पाइप पुढे ओढला होता. तात्यांनी मान हलवली.

"तो तिच्यासाठी हुता," ते म्हणाले. "आता दोनचा लावा. गाडीला जो पायजे तो."

दोनचा पाइप चेसिसच्या भोकातून अलगद गेला. मिस्त्रींनी मध्ये एक लांबट सायलेन्सर टाकला, शेपटीकडे छोटा. कार्बोरेटर तात्यांनी स्वतः जुळवला, खुर्चीत बसून, आक्काच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन, थोडा इकडे, थोडा तिकडे असं सांगत. कानातलं यंत्र खिशातच होतं. एका ठिकाणी त्यांनी आणि मिस्त्रींनी एकाच वेळी हात वर केला आणि आक्का थांबली. आता गाडीचा आवाज आईच्या वेळचा नाही आणि त्या सपाटीवरचाही नाही. जवळून गेली की माणसं मान वळवतात, पण बोलणं थांबवत नाहीत. घाटात तिची ओढ दोन्हींपेक्षा चांगली आहे. पहिले काही दिवस मला तो आवाज परका वाटायचा. आता नाही वाटत.

काढलेला अडीच इंची पाइप मिस्त्रींनी भंगारात टाकला नाही. एवढं चांगलं वाकवलेलं काम तोडवत नाही म्हणाले. एका कारखान्याच्या जनरेटरला तो त्यांनी पुढे वापरला.

तात्यांना आता त्या खोलगट सीटमध्ये उतरता येत नाही, गुडघे ऐकत नाहीत. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. मी रविवारी उंब्रजला जाते, कारण आक्का मला गाडी शिकवते आहे. माझ्या छोट्या गाडीला गिअर आपोआप पडायची सवय, त्यामुळे इथे क्लच, ॲक्सिलरेटर आणि इंजिन गरम होईपर्यंत ओढून ठेवायचा चोक यांचं माझं जमायला वेळ लागतोय. मागच्या रविवारी आम्ही दोघी मसूरच्या रस्त्याला गेलो. रेल्वे फाटकापाशी मी गाडी बंद पाडली, मागे उसाच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न वाजवला, आणि आक्का इतकी हसायला लागली की मलाही पुढे काही सुचेना. शेवटी ट्रॉलीवालाच खाली उतरून धक्का द्यायला आला.

घरी आलो तेव्हा तात्यांनी विचारलं की एवढा वेळ का लागला. मी सांगितलं, फाटकापाशी बंद पडली.

"चोक लवकर बंद केलास," ते म्हणाले.

तसंच झालं होतं.